तसबिरीमागचे नाव

रहिमतपुरात आम्ही लहानाचे मोठे झालो ते भिंतीवरच्या मक्का-मदिन्याच्या तसबिरी पाहत. हाजी परतले की झमझमचे पाणी, खजूर आणि अशी एखादी तसबीर घरात येई. आम्ही ती अदबीने उंचावर लावत असू. पण असे फोटो पहिल्यांदा काढले कुणी, हे आम्ही कधी विचारले नाही.

पहिला मान इजिप्तच्या लष्करातील अधिकारी मुहम्मद सादिक यांचा. १८६१ मध्ये मदिन्याच्या वाटेची मोजणी करताना त्यांनी त्या शहराची पहिली छायाचित्रे घेतली. १८८० मध्ये महमलच्या काफिल्याचे खजिनदार म्हणून ते हजला गेले आणि मक्काही टिपली. १८८१ मध्ये व्हेनिसच्या भूगोल परिषदेत त्यांना सुवर्णपदक मिळाले.

त्या काळी हे काम सोपे नव्हते. काचेला रसायन लावायचे, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच तंबूच्या अंधारात धुवायची. वाळवंटात ओल मिनिटांत सुकते, वर उडती वाळू चिकटते. म्हणून अशा कामाला फज्रनंतरचा गारवाच सोयीचा. शिवाय कोवळे तिरपे ऊन डोंगराची घडी अन् वाळूची लाट उठवून दाखवते. दुपारी सारे सपाट होते. आमच्या पूर्वेला माणदेशाच्या उघड्या माळावर सकाळ पाहिलेल्यांना हे सांगावे लागत नाही.

दुसरे नाव मक्केचे डॉक्टर सय्यद अब्दुल गफ्फार यांचे. डच विद्वान स्नूक हुर्खरोन्ये यांना १८८५ मध्ये मक्का सोडावी लागली, तेव्हा त्यांनी आपला कॅमेरा या डॉक्टरांकडे ठेवला. डॉक्टरांनी मिना आणि अरफातवरील तंबूंची छायाचित्रे घेतली, त्यांवर सही केली. १८८९ मध्ये ती हुर्खरोन्ये यांच्या संग्रहात छापली गेली, पण सह्या खोडून. उरला तो फक्त 'मक्केचा डॉक्टर'. ते नाव जगापुढे यायला पुढे शंभराच्या आसपास वर्षे लागली.

आमच्या गावात आदिलशाहीचे सरदार रणदुल्लाखान यांचा मकबरा आहे. त्यांचे नाव दगडाने सांभाळले. कागदाला तेवढे बळ नसते. ते आपणच द्यावे लागते. म्हणून एवढेच सुचवतो: घरातील जुनी तसबीर एकदा उतरवावी आणि ती कोणत्या हाजींनी, कोणत्या साली आणली, हे मागे लिहून ठेवावे. ते सांगणारी माणसे अजून आहेत, तोवरच.