दारात विचारावे की तिजोरीपाशी?

बलिप्रतिपदेला द्यूत खेळण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. घरातल्या घरात, थट्टामस्करीत मांडलेला तो डाव. तेथे समोरचा कोण, हे विचारण्याचे कारणच नसते. पण जुगार उंबऱ्याबाहेर पडला की 'तू कोण?' हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतोच.

कौटिल्याने हे फार पूर्वी ओळखले होते. अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच ठिकाणी चालावा, अन्यत्र खेळेल त्याला १२ पण दंड व्हावा, असा दंडक तेथे आहे. का, तर चोरून उपजीविका करणारे लोक ओळखता यावेत म्हणून! जिंकलेल्या रकमेचा शेकडा ५ हिस्सा वसूल होई तो निराळाच.

व्हेनिस नगराने नेमका उलटा मार्ग धरला. १६३८ साली तेथे सरकारच्या अनुज्ञेने रिडोट्टो हा जुगारखाना उघडला. खेळायला येणाऱ्याने मुखवटा घालूनच यावे, असा तेथला नियम; डाव चालविणारे उमराव मात्र उघड्या तोंडाने बसत. अखेर १७७४ साली नगराच्या महासभेनेच ते दार बंद केले.

२००९ साली बिटकॉइन हे आभासी चलन निघाले आणि तो मुखवटा जणू परत आला. २०१२ साली 'सातोशी डाइस' हा खेळ सुरू झाला. नाव नको, खाते नको. नाणी पाठवावी आणि डाव लावावा. मात्र बिटकॉइनची प्रत्येक देवघेव सर्वांना दिसणाऱ्या वहीत कायमची नोंदली जाते. तोंडावर मुखवटा खरा, पण पावलांचे ठसे मागे उरतातच.

काळा पैसा पांढरा होऊ नये म्हणून झटणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय मंडळाचा दंडक असा की, ३,००० डॉलर वा युरो किंवा त्याहून मोठ्या देवघेवीत जुगारखान्याने गिऱ्हाइकाची ओळख पटवावी. २०१९ साली आभासी चलनाच्या व्यापाऱ्यांसाठीही या मंडळाने सविस्तर मार्गदर्शन काढले.

पण खरी मेख पुढेच आहे. कित्येक आभासी जुगारखाने पैसे घेताना काही विचारीत नाहीत. जिंकलेली रक्कम मागितली की मग पारपत्र, राहत्या घराचा पुरावा, पैसा कोठून आला याचा जाब, असे सारे मागतात. हरणाऱ्याला कोणी नाव विचारीत नाही! अल्पवयीन पोरही या उघड्या दारातून सहज आत शिरते. म्हणूनच ब्रिटनने ७ मे २०१९ पासून नाव, पत्ता व जन्मतारीख खेळ सुरू होण्यापूर्वीच पडताळण्याची सक्ती केली. आपल्या देशाने तर २०२५ साली पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाच केला.

वाचकहो, ओळख विचारणारा आपले रक्षण करतो आहे की स्वतःची तिजोरी राखतो आहे, हे प्रश्नाच्या शब्दांवरून कळत नाही. तो केव्हा विचारला, यावरून कळते. घरातल्या तरुण मुलांना फराळाच्या ताटावर एवढे जरूर सांगावे.