डोळा पुढें, हात मागें

संगणकाच्या चित्रांतील वस्तूंना लांबी-रुंदीबरोबर खोलीहि असावी आणि माणसानें त्या खोलींत हात घालून काम करावें, ह्यासाठीं कोणतीं साधनें व कोणत्या रीती योजाव्या, हें शिकविणारा एक विषय आज कांहीं विद्यापीठांत आहे. त्याला थ्री-डी यूझर इंटरफेस म्हणतात. अमेरिकेंतील व्हर्जिनिया टेक येथील प्राध्यापक डग बोमन हे ह्या विषयांतील एक जाणते. त्यांनीं तिघां सहकाऱ्यांसह लिहिलेला पाठ्यग्रंथ २००४ सालीं निघाला व २०१७ सालीं त्याची दुसरी आवृत्ति आली. वस्तु उचलणें तान्ह्या मुलालाहि येतें. मग त्यांत विद्यापीठानें शिकविण्याजोगें काय आहे? ह्याचें उत्तर इतिहासांत सांपडतें.

१८३८ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें चार्ल्स व्हीटस्टन यांनीं एक निबंध मांडला. आपल्या दोन डोळ्यांना एकच वस्तु किंचित निरनिराळी दिसते आणि त्या भेदावरून मनाला खोली कळते, हें त्यांनीं दोन आरशांच्या साध्या यंत्रानें दाखविलें. एका डोळ्यासाठीं एक रेखाचित्र, दुसऱ्यासाठीं दुसरें. आरशांत पाहतांच सपाट रेषांतून घन उभा राही. फोटोग्राफी तेव्हां अजून जगापुढें यावयाची होती. आम्हीं शिक्षकांनीं मात्र फळ्यावर खडूनें घन काढून, ‘हा कोपरा पुढें आहे असें समजा’, असें सांगण्यांत किती तास घालविले असतील! मुलें मान डोलवीत, आणि निम्म्यांना तो कोपरा मागेंच दिसे.

डोळ्याची सोय अशी लवकर झाली. संगणकाच्या युगांतहि डोळाच पुढें धांवला. १९६३ सालीं आयव्हन सदरलंड यांनीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें ‘स्केचपॅड’ हा प्रबंध सादर केला. त्यांत प्रकाशलेखणीनें थेट पडद्यावर आकृति काढतां येत होती. पुढें हार्वर्ड येथें त्यांनीं डोक्यावर घालावयाचें एक यंत्र रचिलें. प्रत्येक डोळ्यासमोर एकेक लहान चित्रनलिका, आणि डोकें कोणीकडे वळलें हें मोजणारी, छतापासून लोंबणारी एक यांत्रिक भुजा. मान वळली कीं संगणक चित्र पुन्हां रेखाटी. चित्र म्हणजे केवळ तारेच्या सांगाड्यासारख्या रेषा. पण त्या खोलीच्या हवेंत तरंगत आहेत असा भास होई. त्या लोंबत्या भुजेवरून यंत्रास ग्रीक कथेंतील डॅमोक्लिसच्या तलवारीचें नांव चिकटलें, तें साजेसेंच होतें.

ह्या यंत्राचा निबंध १९६८ च्या डिसेंबरांत सॅन फ्रान्सिस्को येथें भरलेल्या संगणक-परिषदेच्या वृत्तांतांत आहे. त्याच परिषदेंत, ९ डिसेंबर रोजीं, डग्लस एंगलबार्ट यांनीं ९० मिनिटांचें प्रात्यक्षिक करून टेबलावर सरकणारा ‘माउस’ सभेला दाखविला. दोन्ही कल्पना एकाच मांडवाखालीं आल्या. परंतु माउस पुढें घरोघर गेला आणि शिरस्त्राण कित्येक वर्षें प्रयोगशाळेंतच राहिलें. किंमत हें त्याचें एक कारण खरेंच. माझ्या मतें मोठें कारण टेबल हें होय. माउसला टेबलाचा आधार असतो. तो दोनच दिशांनीं सरकतो, आणि सोडला तेथें राहतो. अधांतरीं धरलेला हात तीन दिशांनीं हलतो, शिवाय तीन अक्षांभोंवतीं वळतो. तो कांहीं मिनिटांत भरून येतो. आणि समोर दिसणाऱ्या वस्तूपर्यंत तो पोंचला तरी हाताला लागत कांहींच नाहीं.

हाताला हा स्पर्श मिळवून देण्याचे कष्ट नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांत फ्रेड ब्रुक्स यांनीं १९६७ पासून घेतले. किरणोत्सर्गी द्रव्यें दुरून हाताळण्यासाठीं बनविलेली यांत्रिक भुजा त्यांनीं संगणकास जोडली. रसायनशास्त्रज्ञ ती धरून औषधाचा रेणु प्रथिनाच्या खांचेंत बसवूं पाहत, तेव्हां रेणूंतील ओढ व प्रतिकार त्यांच्या मनगटाला जाणवत असे. त्या कामाचा वृत्तांत १९९० सालीं निघाला. म्हणजे वीसांहून अधिक वर्षें गेलीं! १९९६ सालीं इव्हान पुपिरेव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुसरी अडचण हातीं घेतली, ती म्हणजे दूरची वस्तु. त्यांच्या रीतींत हात बाहूच्या लांबीच्या दोन-तृतीयांशापर्यंत जाईतों चित्रांतील हात त्याच्याबरोबर चाले. त्यापुढें तो झपाट्यानें लांब होई. असा हात निसर्गांत नाहीं, तरी माणसाला तो लवकर वठतो. हुबेहूबपणा हाच नेहमीं सोयीचा असतो असें नाहीं, हें ह्या विषयाच्या विद्यार्थ्यास प्रथम शिकावें लागतें.

हातानंतर पायांचा प्रश्न. डोळे ‘चाललों’ म्हणतात, कानांतील तोलाचें इंद्रिय ‘बसलों आहें’ म्हणतें, आणि मनुष्याला मळमळूं लागतें. म्हणून पुष्कळ योजनांत पाहणाऱ्यास एका जागेवरून दुसरीकडे एकदम नेऊन ठेवतात. मळमळ टळते खरी; पण बोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं प्रयोगांतून दाखविलें कीं, अशी उडी घेतल्यावर मनुष्याला आपण कोठें आलों आहोंत हेंच चटकन उमगत नाहीं.