बाल-अ‍ॅनिमेशनपटांतील वर्ण व लिंगभाव

मुलांसाठी केलेल्या अ‍ॅनिमेशनपटांत कोणत्या रंगाच्या, बोलीच्या, समाजाच्या आणि लिंगाच्या पात्राला कोणते काम मिळते, याचा विचार या नोंदीत केला आहे. नटनटी घेतलेल्या चित्रपटात चेहरा आयता मिळतो; इथे नाकाच्या शेंड्यापासून कातडीच्या छटेपर्यंत सारे कोणीतरी ठरवून रंगवलेले असते. ‘तसे ओघात झाले’ ही सबब त्यामुळे इथे फारशी चालत नाही.

अमेरिकेत हा वाद जुना आहे. डिस्नेच्या ‘डम्बो’ (१९४१) या चित्रपटातील कावळ्यांच्या म्होरक्याला निर्मितीवेळी जिम क्रो हे नाव दिले होते. काळ्यांना वेगळे ठेवणारे कायदेही याच नावाने ओळखले जात. ‘अलादीन’च्या (१९९२) आरंभगीतातील अरबांविषयीची एक ओळ अरब-अमेरिकनांच्या तक्रारीनंतर व्हिडिओ आवृत्तीत बदलली गेली. कारमेन फॉट आणि कॅरन आयझेनहॉवर या भाषाभ्यासकांनी २०१६ मध्ये राजकन्यापटांतील संवाद मोजले, तेव्हा ‘अलादीन’मधील ९० टक्के आणि ‘मुलान’मधील (१९९८) ७७ टक्के बोलणे पुरुषपात्रांच्या वाट्याला आलेले आढळले. मुलान रणांगण गाजवते. पण तिचे सोबती, सैनिक, सम्राट आणि बोलका ड्रॅगन सगळे पुरुष. उलट जुन्या ‘सिंडरेला’त (१९५०) साधारण ६० टक्के बोलणे बायकांचे. नायिका शूर केली म्हणजे भागले, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

भारतात वंशाचा प्रश्न कातडीचा रंग, नाव आणि बोलण्याची ढब या वाटांनी येतो. ‘रोडसाइड रोमिओ’ (२००८) मुंबईच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांची गोष्ट आहे. त्यात दांडगाई करणारा डॉन चार्ली अण्णा. त्याची दाक्षिणात्य ढबीची हिंदी जावेद जाफरीच्या आवाजात आहे. नायक मात्र ‘स्वच्छ’ हिंदी बोलतो. नायकाला भेटणाऱ्या चौघांच्या टोळक्यात मादी एकच, मिनी. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड संस्थेची ‘छोटा भीम’ ही मालिका २००८ पासून चालू आहे आणि तिच्यावरून चित्रपटही निघाले. तीत खोड्या काढणाऱ्या, सतत तोंडघशी पडणाऱ्या मुलाचे नाव कालिया. चिडवण्यासाठी शाळेत हे नाव आधीच तयार होते. मालिकेने त्याला चेहरा दिला. जातीचे तर नावच निघत नाही. मालिकेतील ढोलकपूर गावात राजा, हलवाई आणि पैलवान आहेत, पण गावाबाहेरची वस्ती दिसत नाही.

याच मालिकेतील चुटकी ही टुनटुन मावशीची मुलगी. भीमचे बळ लाडवांत, लाडू मावशीच्या दुकानात आणि ते पोचवणारी बहुतेक वेळा चुटकी. ती भित्री नाही, हेही नोंदवायला हवे. पण संकट निवारण्याचे श्रेय तिच्याकडे क्वचितच येते. २०२० मध्ये भीमने राजकन्या इंदुमतीशी लग्न केल्याची आवई उठली आणि चुटकीला न्याय मिळावा म्हणून समाजमाध्यमांवर गदारोळ झाला. ही पात्रे अजून लहान मुले आहेत, असा खुलासा अखेर संस्थेला करावा लागला. चुटकीवर झालेला अन्याय प्रेक्षकांना दिसला तो लग्नात. लाडवांच्या टोपलीत कुणाला दिसला नव्हता.

मुलीला विचार करू देणारी कामे भारतात बहुधा बाजाराबाहेरच्या पैशातून झाली. फिल्म्स डिव्हिजनचा ‘एक अनेक और एकता’ (१९७४) हा लघुपट मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे (१९२१–२०१९) यांचा. अ‍ॅनिमेशन पुढे ‘घरौंदा’ दिग्दर्शित करणाऱ्या भीमसेन यांचे, संगीत वसंत देसाई यांचे. या लघुपटात समजावून सांगणारी ताई आहे, विचारणारा धाकटा भाऊ. दूरदर्शनवर तो वर्षानुवर्षे लागला आणि ज्ञान बहिणीकडून भावाकडे जाते याचे कुणाला नवल वाटले नाही.

त्याहून विचारपूर्वक घडवलेले पात्र म्हणजे मीना. सार्क देशांनी १९९१–२००० हे बालिका दशक मानले. त्या काळात युनिसेफने ही चित्रमालिका काढली. तिचे शिल्पकार राम मोहन (१९३१–२०१९) यांचे शिक्षण फिल्म्स डिव्हिजनमध्ये, डिस्नेतून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली झालेले. भारत, बांगलादेश, नेपाळ आणि पाकिस्तान या चारही देशांत ती घरची वाटायला हवी होती. म्हणून नाव हिंदू आणि मुसलमान दोघांतही चालणारे घेतले. पोशाख कुठल्याही एका धर्माचा वा प्रांताचा वाटू नये असा ठेवला. गावोगावच्या लोकांना चित्रे दाखवून चेहरा पक्का केला. एका भागात शाळेत न गेलेली मीना आपल्या मिठू पोपटाला शाळेच्या खिडकीशी पाठवते. तो ऐकलेले घोकतो, त्यावरून ती मोजायला शिकते आणि कोंबड्या मोजताना चोरी उघडकीस आणते. दुसऱ्या भागात आंब्याचा मोठा वाटा तिचा भाऊ राजू याला जातो; मग बहीणभाऊ एक दिवस कामांची अदलाबदल करतात आणि संध्याकाळी दमलेल्या राजूच्या ताटात मीनाचा नेहमीचा वाटा पडतो. त्याला कुणी उपदेश करत नाही. पोट भरत नाही, एवढेच त्याला कळते. महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांत या पात्रावरून मीना मंच सुरू झाले. पुढे मुलांनाही सामील करून ते मीना राजू मंच झाले. एखाद्या कार्टूनच्या नावाने शाळेत मंडळ चालावे, हे विरळाच.

मराठीत पूर्ण लांबीचे अ‍ॅनिमेशनपट मोजके. ‘प्रभो शिवाजी राजा’ (२०१८) हा त्यांतला ठळक, आणि पुढचेही शिवकालाकडेच वळण्याचा संभव अधिक. गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीची लढाई या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनौबत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण ठार झाले. कुसुमाग्रजांची कविता आणि हृदयनाथ मंगेशकरांची चाल यांमुळे प्रसंग घरोघरी पोचला आहे; सात घोडे, एक खिंड, समोर सैन्य, अशी चित्रचौकट आयतीच मिळते. तीत शत्रू काळाकभिन्न, लालभडक डोळ्यांचा काढण्याचा मोह मोठा. प्रत्यक्षात याच बहलोलखानाला उमराणीला पाणी तोडून कोंडल्यावर प्रतापरावांनी गयावया ऐकून सोडले होते, आणि शिवाजी महाराजांचा रोष ओढवला तो त्यावरून. म्हणजे खान हा बोलणारा, गळ घालणारा माणूस होता. राक्षस काढला तर त्याला सोडण्याचे कारणच उरत नाही.

या कथेत स्त्री नाही असे म्हणतात, तेही पूर्ण खरे नाही. प्रतापरावांची मुलगी जानकीबाई १६८० मध्ये महाराजांचे पुत्र राजाराम यांच्याशी विवाहबद्ध झाली. प्रतापरावांनंतर सरनौबत झालेल्या हंबीरराव मोहित्यांची मुलगी ताराबाई हीही राजारामांची पत्नी. कोल्हापूरची गादी तिने स्थापन केली.