नाट्येतिहासाचा अभ्यास : पडदा पडल्यानंतर

पदव्युत्तर परीक्षेसाठी एखाद्या विद्यार्थ्याने नाट्येतिहास हा विषय घेतला, की घरची वडीलधारी मंडळी त्याला हमखास विचारतात, "नाटके वाचून झाल्यावर आणखी अभ्यास तो कसला करायचा?" प्रश्न साधा दिसतो, पण या विषयाचा सारा पायाच त्या प्रश्नात आहे. म्हणून आपल्यापुढे त्याचाच विचार मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

देवालयांचा इतिहास लिहिणाऱ्यापुढे देवालय उभे असते; काव्याचा इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती पोथी असते. नाटकाची गोष्ट निराळी. प्रयोग संपला, नटांनी रंग उतरवला, प्रेक्षक आपापल्या घरी गेले, की ज्याचा इतिहास लिहावयाचा ती वस्तूच नाहीशी होते. मागे उरतात ते तिचे अवशेष : छापील संहिता, नटांच्या भूमिकांच्या नकला, जाहिराती, मंडळीच्या जमाखर्चाच्या वह्या, वृत्तपत्रांतील अभिप्राय आणि म्हाताऱ्या रसिकांच्या आठवणी. यांपैकी एकटी संहिता म्हणजे नाटक नव्हे. संहितेवरून प्रयोग ओळखू पाहणे म्हणजे लग्नपत्रिकेवरून लग्नाचा थाट वर्णन करण्यासारखे आहे.

युरोपातही पुष्कळ काळ नाटकाचा अभ्यास वाङ्मयाच्या दालनातच चालत असे. बर्लिनच्या माक्स हेरमान या विद्वानाने ही रीत मोडली. 1914 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने, न्यूरेंबर्ग शहरातील मार्था चर्चमध्ये सोळाव्या शतकात हान्स झाक्स या चांभार-कवीचे नाटक कसे झाले असेल, याची मांडणी केली. रंगमंच कोठे असेल, नट कोठून येत असतील, असे प्रश्न त्याने इमारत आणि संहिता यांचा मेळ घालून सोडवू पाहिले. पुढे लाइप्त्सिखच्या आल्बर्ट क्योस्टर यांनी रंगमंचाच्या जागेविषयी निराळा निष्कर्ष काढला, आणि दोघांचा वाद चांगलाच रंगला. एका रंगमंचाच्या जागेसाठी दोन पंडितांनी भांडावे, याचे कुणाला हसू येईल. परंतु या भांडणातूनच नाट्येतिहास हे स्वतंत्र शास्त्र म्हणून उभे राहिले. 1923 साली बर्लिन विद्यापीठात या विषयाची स्वतंत्र संस्था निघाली. हेरमान ज्यू होता. 1933 साली नाझी राजवटीने त्याला अध्यापनातून दूर केले आणि 1942 साली टेरेझिनच्या छावणीत त्याचा अंत झाला. त्याने घालून दिलेली पद्धत मात्र टिकली. आपल्याकडे दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय 1959 साली निघाले आणि पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र 1987 साली.

आता ही पद्धत आपल्या घरच्या उदाहरणाला लावून पाहू. 5 नोव्हेंबर 1843 या दिवशी सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' नाटकाचा प्रयोग केला, हे आपण सर्व जाणता. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातील भागवत मंडळी सांगलीस येऊन खेळ करून गेली होती. तसे, पण अधिक सुधारलेले नाटक आपल्या भाषेत व्हावे, अशी इच्छा संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी दर्शविली आणि भावे त्या कामास लागले. इथवरची हकीकत शाळेतील मुलगाही सांगेल. पण विद्यार्थी जेव्हा त्या नाटकाची संहिता मागू लागतो, तेव्हा हाती काय येते? 1885 साली छापलेला भाव्यांचा 'नाट्यकवितासंग्रह'. त्यात पद्ये आहेत. सूत्रधार ती पद्ये म्हणे, आणि मधले गद्य भाषण नट प्रसंग ओळखून आपल्या पदरचे बोलत. म्हणजे प्रेक्षकांनी त्या रात्री जे ऐकले, त्यातला मोठा भाग कधी कागदावर उतरलाच नाही! केवळ पुस्तके वाचणारा अभ्यासक येथेच अडतो.

अशा वेळी दुसरा पुरावा बोलू लागतो. 1851 साली चिंतामणराव निवर्तले, दरबारचा आश्रय सुटला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरणे भाग पडले. 1853 साली ती मुंबईस जाऊन ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ करू लागली. नाटकाचा पोशिंदा बदलला : काल राजा होता, आज तिकीट घेणारा नागरिक झाला. मराठी धंदेवाईक रंगभूमीचा खरा जन्म सांगलीच्या दरबारापेक्षा या फिरतीत झाला, असे आमचे मत आहे. नाटकाचे अर्थकारण तपासल्यावाचून हे दिसत नाही.

येथे आरंभाचा वादही उपस्थित होतो. तंजावरच्या शहाजीराजे भोसले यांच्या कारकिर्दीतील, म्हणजे 1684 ते 1712 या काळातील, मराठी नाटके सरस्वती महाल ग्रंथालयाने जतन केली आहेत. महात्मा फुले यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. तिने ते स्वीकारले नाही, आणि त्यांच्या हयातीत ते छापलेही गेले नाही. मग आरंभ कोठे धरावा? आम्हांस वाटते, 1843 हे वर्ष ज्या परंपरेचा आरंभ आहे, तिच्यापुरते ते मानावे. त्याने दशावतार, लळित, तमाशा यांना किंवा न झालेल्या प्रयोगांना इतिहासाच्या दाराबाहेर उभे करू नये. जे नाटक रंगभूमीवर येऊ शकले नाही, ते का येऊ शकले नाही, हाही इतिहासच आहे. शेतकऱ्याच्या अज्ञानावर कोण जगतो हे सांगणाऱ्या नाटकाला तेव्हा रंगमंच मिळाला नाही, ही नोंद शंभर यशस्वी प्रयोगांइतकी बोलकी आहे.

पुरावा कधी कधी शत्रूच्या दप्तरातही जपला जातो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' 1907 साली रंगभूमीवर आले. कीचकात लोकांनी लॉर्ड कर्झनला ओळखले, आणि 1910 साली सरकारने नाटकावर बंदी घातली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या ग्रंथात या नाटकाची चर्चा आहे. ही नजर अर्थातच प्रतिकूल आहे. परंतु प्रेक्षकांना काय उमगत होते, याची साक्ष भीतीने दिली आहे, आणि भीतीची साक्ष सहसा खोटी नसते.

उलट आपल्या माणसांची साक्षही पारखून घ्यावी लागते. गणपतराव बोडस यांची 'माझी भूमिका' 1940 साली आली, चिंतामणराव कोल्हटकरांचे 'बहुरूपी' 1957 साली. दोन्ही पुस्तके अमोल आहेत. पण आयुष्याच्या उत्तरार्धात लिहिलेल्या आठवणींना वृत्तपत्रातल्या जाहिरातीच्या तारखेचा आधार शोधावाच लागतो. तबकड्यांचेही तसेच. बालगंधर्वांचे पद ध्वनिमुद्रिकेवर सुमारे तीन मिनिटांत आटोपते; तेच पद नाट्यगृहात 'वन्स मोअर'च्या गजरात कितीतरी वेळ रंगे. तबकडीवरून त्यांच्या गळ्याची फिरत कळेल; त्या रात्रीचा रंग कळणार नाही. प्रत्येक साधन काही सांगते आणि काही झाकते. काय झाकते हे ओळखणे, हेच पदव्युत्तर अभ्यासाचे मुख्य शिक्षण होय.

अशा अभ्यासाचा समाजाला उपयोग काय, असे कुणी विचारील. उपयोग हा, की रंगभूमीविषयी आपण ज्या गोष्टी अभिमानाने सांगतो, त्यांतल्या खऱ्या कोणत्या हे कळते. आणि ज्यांची नावे अभिमानाच्या यादीतून गळली, त्यांना जागा मिळते. 'दामिनी' नाटक लिहिणाऱ्या हिराबाई पेडणेकर किती नाट्यरसिकांना ठाऊक आहेत? पडदे ओढणारे, साथ करणारे, कपडे सांभाळणारे यांची नावे तर जमाखर्चाच्या वहीतच सापडायची.

आणि म्हणून शेवटी थोडे आपल्याविषयी. या कामात नागरिकांचा वाटा विद्यार्थ्याइतकाच मोठा आहे. आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या काळची एखादी नाटकाची जाहिरात, एखादे जुने छायाचित्र, एखाद्या मंडळीची हिशेबाची वही पडलेली असेल. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत जाते, आणि तिच्याबरोबर एक रात्र कायमची जाते. तसे होऊ न देता ती गावच्या ग्रंथालयात द्यावी. कोणत्या गावी, कोणाच्या घरी, कोणाकडून आली एवढे मागे लिहून द्यावे. एवढ्या दोन ओळी मागे असल्या, की पुढचा अभ्यासक त्या कागदाला प्रश्न विचारू शकेल.