पर्यावरणीय आयसीएमएस

पर्यावरणीय आयसीएमएस (पोर्तुगीज नाव : आयसीएमएस इकोलॉजिको) ही ब्राझीलच्या अनेक घटकराज्यांत रूढ असलेली महसूलवाटपाची पद्धत आहे. वनसंरक्षण, अभयारण्य किंवा पिण्याच्या पाण्याचे पाणलोट क्षेत्र यांसाठी केलेल्या नियमांमुळे ज्या नगरपालिकांना आपल्या जमिनीवर कारखाने, वसाहती वा मोठी शेती उभी करता येत नाही, त्यांना राज्याच्या करउत्पन्नातून या पद्धतीने जादा हिस्सा दिला जातो. पाराना राज्याने १९९१ मध्ये ती प्रथम अंमलात आणली. हा स्वतंत्र कर नाही. नागरिकांवर तिच्यामुळे कोणताही नवा भार पडत नाही. आधीच गोळा झालेल्या रकमेची वाटणी फक्त वेगळ्या निकषाने होते.

पार्श्वभूमी

आयसीएमएस हा वस्तूंची विक्री, वाहतूक आणि दळणवळण सेवा यांवर घटकराज्यांनी आकारावयाचा कर असून राज्यांच्या उत्पन्नाचा तो मुख्य आधार आहे. १९८८ च्या ब्राझीलच्या राज्यघटनेतील १५८ व्या अनुच्छेदानुसार या कराच्या उत्पन्नातील २५ टक्के रक्कम नगरपालिकांना द्यावी लागते. ब्राझीलमधील नगरपालिका म्हणजे केवळ शहर नव्हे. शहर आणि त्याभोवतीची खेडी, शेते, जंगले हे सारे तिच्या हद्दीत येते. विस्ताराने ती आपल्याकडील एखाद्या तालुक्याएवढी, प्रसंगी जिल्ह्याहूनही मोठी असते.

या २५ टक्क्यांपैकी किमान तीन चतुर्थांश रक्कम त्या त्या हद्दीत निर्माण झालेल्या मूल्यवर्धनाच्या प्रमाणात वाटावी, उरलेल्या एक चतुर्थांशाची वाटणी राज्याने स्वतःच्या कायद्याने ठरवावी, अशी मूळ तरतूद होती. मूल्यवर्धनाचा निकष वरवर न्याय्य वाटतो. प्रत्यक्षात ज्या गावी कारखाना, त्याच गावी पैसा, असा त्याचा परिणाम होतो. ज्या हद्दीतील बहुतेक जमीन वनासाठी किंवा जलाशयासाठी राखून ठेवली आहे, तेथे मूल्यवर्धन होणार कोठून? शाळा, दवाखाने आणि रस्ते मात्र तेथील लोकांनाही लागतातच.

पिराक्वाराचे उदाहरण

पारानाची राजधानी कुरितिबा हिच्या पूर्वेस असलेली पिराक्वारा ही नगरपालिका या प्रश्नाचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. इग्वासू नदीला मिळणारे अनेक झरे तिच्या हद्दीत उगम पावतात. कुरितिबा महानगराला पाणी पुरवणाऱ्या जलाशयांच्या पाणलोटात तिचे जवळपास सर्व क्षेत्र येते आणि उरलेल्या भागातही संरक्षित डोंगरउतार आहेत. त्यामुळे शेजारच्या नगरपालिका उद्योगांना जागा देऊन श्रीमंत होत असताना पिराक्वाराला ते कायद्यानेच नाकारले गेले होते. तिने राखलेले पाणी राजधानी पीत होती. राजधानीच्या भरभराटीतून तिच्या वाट्याला काही येत नव्हते. अशा नगरपालिकांच्या तक्रारींतून ही पद्धत जन्माला आली. पुढे पिराक्वाराच्या आयसीएमएस उत्पन्नात या हिश्शाला प्रमुख स्थान मिळाले.

पारानाचा कायदा

पारानाच्या १९८९ च्या राज्यघटनेतील १३२ व्या अनुच्छेदाने अशा नगरपालिकांना विशेष वागणूक देण्याची तरतूद केली. तिला अनुसरून १ ऑक्टोबर १९९१ रोजी पूरक कायदा क्रमांक ५९ मंजूर झाला. त्यानुसार नगरपालिकांच्या एकूण हिश्शातील ५ टक्के रक्कम पर्यावरणीय निकषांवर वाटली जाते. (ही टक्केवारी संपूर्ण कराची नाही, नगरपालिकांच्या २५ टक्क्यांतील आहे, संपूर्ण आयसीएमएसच्या तुलनेत ती सव्वा टक्का भरते. अनेक लेखनांत या दोहोंची गल्लत आढळते.) या रकमेचा अर्धा भाग शेजारच्या नगरपालिकांना पाणी पुरवणारे पाणलोट राखणाऱ्यांना आणि अर्धा भाग संरक्षित क्षेत्रे असलेल्यांना मिळतो.

संरक्षित क्षेत्रांचा हिस्सा ठरवताना प्रथम त्या क्षेत्राचे नगरपालिकेच्या एकूण क्षेत्राशी असलेले गुणोत्तर काढतात. समजा, १०,००० हेक्टरांच्या हद्दीत २,००० हेक्टरांचे राखीव वन आहे, तर हे गुणोत्तर ०.२ येते. मग त्याला संरक्षणाच्या कडकपणानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. जेथे मानवी वापर जवळजवळ बंद आहे त्या जैविक राखीव क्षेत्राचा गुणक मोठा असतो. जेथे वस्ती व शेती यांना मुभा आहे त्या ‘पर्यावरण संरक्षण क्षेत्रा’चा गुणक त्याहून पुष्कळ लहान असतो.

पारानाने यात आणखी एक पायरी घातली आणि तीच या कायद्याची खरी ताकद ठरली. राज्याचे पर्यावरण अधिकारी संरक्षित क्षेत्रांची पाहणी करून गुण देतात. वनातील प्राणी व वनस्पती यांची स्थिती, पाण्याची शुद्धता, कुंपण व राखणदार यांची व्यवस्था, आजूबाजूच्या लोकांशी असलेले संबंध या बाबी त्यांत पाहिल्या जातात आणि गुणांप्रमाणे हिस्सा वाढतो किंवा घटतो. त्यामुळे नुसती अधिसूचना काढून नगरपालिकेला स्वस्थ बसता येत नाही. आदिवासींच्या राखीव भूमीही पारानात हिशेबात धरल्या जातात.

आरंभी ही पद्धत केवळ नुकसानभरपाई म्हणून मांडली गेली होती. लवकरच तिचे रूप बदलले. संरक्षित जमिनीमुळे तिजोरीत पैसा येतो हे लक्षात आल्यावर नगरपालिका स्वतःची उद्याने घोषित करू लागल्या, तसेच जमीनमालकांना आपल्या मालकीचे जंगल ‘खाजगी नैसर्गिक वारसा राखीव क्षेत्र’ म्हणून नोंदवण्यास प्रोत्साहन देऊ लागल्या. पहिल्या दशकात पारानातील संरक्षित क्षेत्र दुपटीहून अधिक वाढले.

इतर राज्यांत प्रसार

साओ पाउलोने १९९३ मध्ये नगरपालिकांच्या हिश्शातील ०.५ टक्का रक्कम राज्याने घोषित केलेल्या संरक्षित क्षेत्रांसाठी राखली. मिनास जेराईसचा १९९५ चा कायदा ‘रॉबिन हूड कायदा’ या नावाने ओळखला जातो, कारण त्याने पर्यावरणाबरोबरच शिक्षण, आरोग्य, लोकसंख्या इत्यादी निकष आणून श्रीमंत औद्योगिक नगरपालिकांचा वाटा गरिबांकडे वळवला. कचरा व सांडपाणी यांच्या प्रक्रियेलाही त्यात पैसा जोडला गेला. रियो दि जानेरोच्या २००७ च्या कायद्यात हिस्सा टप्प्याटप्प्याने २.५ टक्क्यांपर्यंत नेण्यात आला. त्यातील ४५ टक्के संरक्षित क्षेत्रांसाठी, ३० टक्के पाण्याच्या गुणवत्तेसाठी आणि २५ टक्के घनकचरा व्यवस्थापनासाठी आहेत. रोन्दोनिया, पेर्नाम्बुको, मातो ग्रोसो, तोकांतिन्स आदी राज्यांनीही आपापल्या परीने ही पद्धत स्वीकारली.

आक्षेप आणि मर्यादा

एकूण रक्कम ठरलेली असल्यामुळे एका नगरपालिकेचा लाभ ही दुसरीची घट असते. संरक्षित क्षेत्रे वाढत जातात तसतसा प्रत्येक हेक्टरमागे मिळणारा पैसा कमी होतो, म्हणजे आधीपासून वन राखणाऱ्यांचाही वाटा आक्रसतो. पाहणीचे गुण नसतील किंवा सैल असतील, तेथे कागदोपत्री क्षेत्रे निर्माण होतात. मिनास जेराईसच्या झोना दा माता भागातील नगरपालिकांनी कमी निर्बंधांची ‘पर्यावरण संरक्षण क्षेत्रे’ मोठ्या संख्येने घोषित केली, त्यांबाबत ही टीका विशेष झाली.

अधिक मूलभूत आक्षेप पैशाच्या विनियोगाविषयी आहे. ब्राझीलची राज्यघटना कराचे उत्पन्न विशिष्ट कामाशी बांधण्यास सामान्यतः मनाई करते. त्यामुळे मिळालेली रक्कम नगरपालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत जाते. तिने वन राखावे की चौक सुशोभित करावा, हे महापौर आणि नगरसभा ठरवतात. ज्या शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीवर झाड तोडण्यास बंदी आहे, त्याच्या हाती थेट काहीच पडत नाही. पद्धतीचे समर्थक याला स्थानिक स्वायत्तता म्हणतात. मात्र निर्बंधांची झळ अखेर ज्याला बसते त्याच्यापर्यंत भरपाई पोहोचत नाही, ही त्रुटी या युक्तिवादाने भरून निघत नाही.

करसुधारणेनंतर

२०२० च्या घटनादुरुस्तीने मूल्यवर्धनाचा किमान वाटा ७५ वरून ६५ टक्क्यांवर आणला आणि किमान १० टक्के रक्कम शैक्षणिक निष्पत्तीशी जोडली. डिसेंबर २०२३ मधील १३२ वी घटनादुरुस्ती त्याहून दूरगामी आहे. तिच्यानुसार आयसीएमएस हा करच टप्प्याटप्प्याने संपुष्टात येऊन २०३३ पासून त्याची जागा वस्तू व सेवांवरील नवा कर पूर्णपणे घेईल. त्यातील राज्याच्या उत्पन्नातून नगरपालिकांना मिळणाऱ्या भागापैकी ८० टक्के लोकसंख्येनुसार, १० टक्के शैक्षणिक निकषांवर, ५ टक्के पर्यावरण संरक्षणाच्या निकषांवर आणि ५ टक्के समान वाटले जातील. अशा रीतीने पारानाने निवडलेले ५ टक्क्यांचे प्रमाण सर्व राज्यांना लागू होणार आहे. निकष मात्र प्रत्येक राज्याच्या कायद्यानेच ठरतील.

इतर देशांतील समांतर पद्धती

पोर्तुगालच्या २००७ च्या स्थानिक वित्त कायद्याने नगरपालिकांच्या अनुदानात संरक्षित क्षेत्राचा निकष आणला. भारतात चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ठरवताना वनाच्छादनाला ७.५ टक्के भार दिला, पंधराव्या आयोगाने वन व पर्यावरण या निकषाचा भार १० टक्के केला. ही रक्कम राज्य शासनाकडे जाते. वनांमुळे बांधल्या गेलेल्या नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला ती द्यावी असे बंधन या सूत्रात नाही. महाराष्ट्रात महाबळेश्वर-पाचगणी (२००१) आणि माथेरान (२००३) हे परिसर केंद्राने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केले असून तेथील बांधकाम व उद्योगांवरील निर्बंध गिरिस्थान नगरपरिषदांच्या हद्दीतही लागू आहेत.