झोपेतून उठणारे यंत्र

आपल्या बीड जिल्ह्यातली किती घरे दसरा-दिवाळीला ऊसतोडीसाठी बाहेर पडतात, हे तुम्हांला सांगायला नकोच. घराला कुलूप लागते. माणसे परततात ती उन्हाळ्यात. आल्या आल्या कुणी दारातून हाका मारू लागला, तर घरधनीण म्हणते, “थांबा हो, आधी चूल तर मांडू द्या!”

शाळेतल्या संगणकाचेही तसेच आहे. कीबोर्ड, माऊस ही उपकरणे काम निघाले की प्रोसेसरला हाक देतात. त्या हाकेला ‘इंटरप्ट’ म्हणतात. ती ऐकून काम उरकणारा प्रोग्राम म्हणजे ‘ड्रायव्हर’. १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ ही नियमावली काढली. यंत्राला निजवणे-उठवणे ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती आले. पण अडचण उरलीच. एकाच तारेवर दोन-तीन उपकरणे हाक देत. जागे असलेल्याची हाक आली, की निजलेल्याचा ड्रायव्हरही धावे, आणि कधी सारे यंत्रच अडून बसे.

२००९ साली लिनक्समध्ये राफाऊ विसोत्स्की यांनी याचा क्रम बांधून दिला. निजताना उपकरणांच्या हाका मध्यवर्ती गाभ्यानेच बंद करायच्या. उठताना आधी मांडामांड, मग हाका खुल्या. घड्याळाची हाक तेवढी वगळली.

तेव्हा झाकण उघडल्यावर माऊस मुका राहिला, तर यंत्र मेले असे लगेच समजू नका. पुष्कळदा उठण्याचा क्रमच कुठेतरी चुकलेला असतो. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा. सारी मांडणी पहिल्यापासून होते.