देवत्व आणि भोपळा

खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ साली झाले. पश्चिमेचे ठाणे धुळे, पूर्वेचे जळगाव. त्याच जळगावात पुढल्या वर्षी महाराष्ट्रातील कवींचे संमेलन भरले. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली.

माणसाला असे वर चढविण्याची हौस पुरातन आहे. चढविलेल्याला खाली ओढणारी विद्याही तितकीच जुनी. इ. स. ५४ मध्ये रोमचा सम्राट क्लॉडियस वारला. राणीने त्याला विषारी अळंबी चारली, असे प्राचीन इतिहासकार सांगतात. सिनेटने त्याला देव ठरविले. नव्या सम्राटाने, नीरोने, केलेले गौरवाचे भाषण तत्त्वज्ञ सेनेकाने लिहून दिले होते, आणि मृताची टवाळीही त्याचीच मानतात. तिचे नाव ‘अपोकोलोकिंतोसिस’. ग्रीकमध्ये देवपदाला चढण्यास ‘अपोथिओसिस’ म्हणतात. त्यातील देव काढून भोपळा बसविला की हा शब्द झाला. हा आपला तांबडा भोपळा नव्हे. तो अमेरिकेतून आलेला. दुधीच्या जातीचे फळ समजावे. मौज अशी, की उपलब्ध लेखात भोपळा कोठेच येत नाही! क्लॉडियस लंगडत, अडखळत बोलत स्वर्गात पोचतो. देवसभेत खुद्द ऑगस्टस त्याने केलेल्या हत्यांचा पाढा वाचतो. अखेर पाताळात त्याच्या हाती बूड नसलेली फाशांची डबी येते. गद्यात पद्य मिसळलेली ही रचना आपल्या चंपूची आठवण करून देते. परंतु याच क्लॉडियसने सेनेकाला आठ वर्षे कॉर्सिका बेटावर हद्दपार ठेवले होते, आणि तेथून सेनेकाने त्याची स्तुती लिहिली होती. राजा मेल्यावर सुचलेले हे धैर्य!

अत्र्यांचे तसे नव्हते. ‘केशवकुमार’ या नावाने त्यांनी १९२५ साली ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध केली, तेव्हा ज्यांचे विडंबन झाले त्यांतील माधव जूलियन यांच्यासारखे कवी ऐन भरात होते. उत्तर द्यावयास समर्थ होते.

बालकवी मात्र त्याआधीच गेले होते. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. जळगावची पदवी त्यांना अशी चिकटली, की ठोंबरे हे नाव आज सांगून ओळखावे लागते.